आधी नळी, मग नक्षी : दुनळीबद्दल वाचकांचे प्रश्न

ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे या जुन्या संस्थानी शहरांतल्या मराठी घरांत विलायती दुनळ्या अजून आहेत. शिकारीचे दिवस गेले, बंदुका राहिल्या. आता त्या विकायला निघतात, वारसांकडे जातात किंवा कपाटात गंजतात. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न थोडक्यात करून, उत्तरांसह देत आहोत.

लष्कर, ग्वाल्हेर येथून : ओळखीतल्या एका घरची १२ बोअर दुनळी विकायची आहे. रिबवर, म्हणजे दोन नळ्यांमधल्या पट्टीवर, ‘आर. बी. रॉडा, कलकत्ता’ असं नाव, दोन्ही बाजूंना बारीक वेलबुट्टी आणि पक्षी. ‘आतलं लॉक सोन्याचं आहे’ असं मालक सांगतात. माझ्या परवान्यावर एक जागा रिकामी आहे. काय काय पाहून घ्यावं?

नावापासून सुरुवात करू. रॉडा, मँटन, लायन अँड लायन ही कलकत्त्याची बंदुकांची दुकानं होती. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सही त्याच पंगतीतलं. त्यांच्या बहुतेक दुनळ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बनायच्या आणि रिबवर दुकानाचं नाव कोरून इकडे यायच्या. त्यामुळे या नावांत साध्या बंदुकाही सापडतात आणि फार उत्तमही. किंमत नावावर ठरवू नका.

‘सोन्याचं लॉक’ म्हणजे बहुधा लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, आतल्या भागांवर दिलेला सोन्याचा पातळ मुलामा. दमट हवेत गंज धरू नये म्हणून चांगल्या बंदुकांना तो देत. खूण चांगली आहे, पण तेवढ्यासाठी लॉक उघडायचा हट्ट धरू नका. चुकीच्या पान्याने एक स्क्रू खरवडला तरी त्यावरची नक्षी जाते.

बंदूक मालकाने स्वतःच्या परवान्यासह परवानाधारक गनस्मिथकडे आणावी आणि तुम्ही तिथे पाहावी. ‘घरी नेऊन बघा’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट एकच : उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे नळ्यांतल्या काडतुसाच्या जागा, रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करणं.

मग पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड, काढून ठेवा. बंदूक बंद करा, एका हाताने दस्त्याची मान धरा, दुसऱ्याने नळ्या, आणि आडवं-उभं हलवून पाहा. खटखट जाणवली तर बिजागरीची पिन आणि तिच्यावर बसणारा नळ्यांखालचा हूक झिजला आहे. उजेडासमोर धरून नळ्यांची मागची कड आणि अ‍ॅक्शनची (लॉक बसवलेल्या लोखंडी सांगाड्याची) उभी भिंत यांत फट दिसते का तेही पाहा. ही झीज नीट दुरुस्त होते : नवी जाड पिन बसवतात किंवा हुकावर धातू चढवून घासून बसवतात. नाठाळ कारागीर हुकावर हातोडी-पंच मारून धातू फुगवतो. काही दिवस बंदूक घट्ट वाटते, मग पुन्हा ढिली होते. म्हणून हुकावर ठोक्यांचे खड्डे शोधा; ते दिसले तर मागे कोणीतरी झीज लपवली आहे.

टॉप लिव्हर, म्हणजे बंदूक उघडायचा वरचा खटका, बंद स्थितीत कुठे थांबतो तेही पाहा. नव्या बंदुकीत तो मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे असतो आणि झिजत झिजत डावीकडे सरकतो. मध्यरेषा ओलांडून बराच डावीकडे गेला असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

आता नळ्या. त्या सुट्या करा, खालच्या हुकाला बोट किंवा सुतळी घालून लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. घंटेसारखा लांब नाद आला तर रिबचं डाखकाम धड आहे. भदभद आवाज आला तर रिब कुठेतरी सुटली आहे, आत ओल शिरत असणार आणि गंज बाहेरून न दिसता वाढत असणार. मग खिडकीकडे धरून आतून बघा. नळीत प्रकाशाची वर्तुळं एकसारखी हवीत. वर्तुळ एका बाजूने दबलेलं दिसलं तर पोचा आहे, तो गनस्मिथ आतून प्लग घालून उठवू शकतो. पूर्ण गोल काळी कडी दिसली तर नळी फुगली आहे. कधीतरी चिखल किंवा अडकलेलं वॉड (काडतुसातलं बूच) असताना बार काढला गेला. फुगलेल्या नळीची बंदूक घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नळीच्या आतले गंजाचे खड्डे विकणारा घासून काढतो आणि ‘आरशासारखी आहे’ म्हणतो. म्हणूनच मोजमाप लागतं. १२ बोअरचा आतला व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिमी. जुन्या बर्मिंगहॅम-लंडनच्या बंदुकांच्या नळ्यांखालच्या सपाट भागावर ‘१२’, ‘१३/१’ किंवा ‘१२/१’ असा शिक्का असतो. ‘१३/१’ म्हणजे प्रूफच्या, म्हणजे जादा दाबाच्या सक्तीच्या चाचणीच्या, वेळी ०.७१९, ‘१२/१’ म्हणजे ०.७४०. आज मागच्या टोकापासून ९ इंचांवर बोअर गेजने मोजा. त्या आकड्यापेक्षा १० थाऊ, म्हणजे पाव मिमी, किंवा जास्त वाढलं असेल तर ती बंदूक प्रूफबाहेर गेली. भिंतीची जाडीही मोजायला हवी, आणि तोंडाशी व्हर्नियर लावून ती कळत नाही. त्यासाठी वॉल गेज लागतो, तो नसलेल्या गनस्मिथकडे ही तपासणी करू नका. सर्वांत पातळ जागी २० थाऊ, म्हणजे अर्धा मिमी, ही आमच्या लेखी खालची मर्यादा. २५ असेल तर निश्चिंत.

चाप ओढायच्या आधी चेंबरमध्ये डमी काडतुसं घाला. रिकाम्या चेंबरवर चाप ओढल्याने फायरिंग पिन तुटू शकते. पुढचा चाप साधारण साडेतीन ते चार पौंडांत सुटावा, मागचा थोडा जड. सेफ्टी लावून दोन्ही चाप जोरात ओढा, मग चाप सोडून सेफ्टी पुढे करा. त्या क्षणी लॉक पडलं तर ती बंदूक धोक्याची आहे. शेवटी लॉक प्लेटच्या मागे आणि मानेवर लाकडाला केसाएवढी चीर आहे का ते भिंगाने बघा.

इंदूर येथून : नक्षी हातची की छापाची, आणि मूळची की नंतर केलेली, हे कसं ओळखायचं? बडे व्यापारी ‘हाताची’ म्हणूनच विकतात.

१० पटींचं भिंग आणि बाजूने पडणारा तिरपा उजेड, एवढं पुरतं. समोरून टॉर्च मारलात तर काही दिसणार नाही.

हाताने कोरलेली रेघ इंग्रजी व्ही आकाराची असते. ती बारीक सुरू होते, वळणावर जाड होते, पुन्हा बारीक होऊन संपते. वेलाच्या वळशाच्या आतल्या बाजूला छायेच्या रेघा असतात आणि त्यांतली प्रत्येक स्वतंत्रपणे निमुळती होते. डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी असते, तंतोतंत नसते. दाबून उठवलेल्या नक्षीत रेघ सगळीकडे एकाच रुंदीची, कडा गोलसर. आम्लाने खाऊन काढलेल्या नक्षीचा तळ सपाट आणि रवाळ दिसतो. स्वस्त बंदुकांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात : मोठे वेल छापाचे आणि पक्ष्याच्या डोळ्यापाशी, पंखांवर दोन-चार हाताचे फटकारे. म्हणून एकच जागा पाहून मत बनवू नका.

मूळची की नंतरची, हे कामाच्या क्रमावरून कळतं. बंदूक पूर्ण जुळवून, पोलाद अजून मऊ आणि पांढरं असताना नक्षीकाराकडे जाते. कोरून झालं की सुटे भाग हाडांची पूड आणि कोळशासोबत बंद पेटीत तापवून पाण्यात विझवतात. वरचा थर काचेसारखा कडक होतो आणि निळे, तपकिरी, गवती रंग उमटतात. म्हणजे रंग नक्षीच्या नंतरचा आहे, तो रेघांच्या तळातही उतरलेला हवा. बाहेरचा भाग करडा आणि रेघांचे तळ चांदीसारखे चमकत असतील तर रेघा नंतर ओढल्या आहेत. वरचा थर कडक असल्याने पुन्हा कोरायचं तर आधी पोलाद मऊ करावं लागतं, म्हणजे मूळचे रंग आधीच गेलेले असतात.

स्क्रू मुद्दाम पाहा. चांगल्या बंदुकीत नक्षी लॉक प्लेटवरून स्क्रूच्या डोक्यावर चढते आणि पलीकडे अखंड पुढे जाते, आणि सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत उभ्या असतात. एखाद्या स्क्रूवर वेल तुटलेला किंवा खाच आडवी असेल तर तो स्क्रू बदलला आहे, किंवा कोणी तरी उघडून नीट बसवलेला नाही. झीज आधी कळते ती अक्षरांत : कारखान्याच्या नावातल्या बारीक उभ्या रेघा पॉलिशने सगळ्यात आधी पुसल्या जातात. नाव पुसट आणि शेजारचा पक्षी ठसठशीत, असं दिसलं तर पक्षी पुन्हा कोरलेला आहे.

शैलीवरूनही बरंच कळतं. इंग्रजी बंदुकीवर गुलाबाचे छोटे गुच्छ आणि भोवती फार बारीक वेल ही शैली लंडनच्या पर्डी कारखान्याने रूढ केली; हॉलंड अँड हॉलंडच्या रॉयल मॉडेलवर मोठी, मोकळी पानांची वळणं दिसतात. जर्मन-ऑस्ट्रियन कामात ओकची पानं आणि जनावरं खोल उठवलेली असतात. बेल्जियमच्या लिएजच्या बंदुकांवर अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ शिक्का असतो. तिथलं कोरीवकाम पुष्कळदा अप्रतिम आणि किंमत मात्र इंग्रजीपेक्षा कमी, हौशी माणसाने तिथे अवश्य लक्ष घालावं. ठिपक्याठिपक्यांनी छायाचित्रासारखं दृश्य उभं करणारी इटालियन पद्धत, बुलिनो, ही प्रामुख्याने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बहरली. १९१० सालच्या म्हणून दाखवलेल्या इंग्रजी बंदुकीवर ती दिसली तर नक्षी नंतरची आहे.

अजून एक फसगत. भरपूर कोरलेल्या मोठ्या बाजूपट्ट्या पाहून लोक साइडलॉकचे (बाजूच्या पट्टीला जोडलेल्या लॉकचे) पैसे देतात आणि आत बॉक्सलॉक (मधल्या सांगाड्यात बसवलेलं साधं लॉक) निघतं. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर आतल्या घोड्याच्या आणि सिअरच्या (घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याच्या) पिनांची टोकं दिसतात, कारण ते भाग पट्टीलाच आतून जोडलेले असतात. नुसती शोभेची पट्टी असेल तर ती कोरी असते आणि पिना अ‍ॅक्शनच्या अंगात दिसतात. १८७५ च्या अँसन-डीली पद्धतीचं बॉक्सलॉक हे साधं, मजबूत, भरवशाचं यंत्र आहे, त्यात काही उणं नाही. फक्त त्याचे पैसे त्याच्यापुरतेच द्यावेत.

संस्थानाचा मुकुट किंवा आद्याक्षरं सोन्यात जडवलेली असतील तर जास्तच सावध. राजमुद्रेने किंमत वाढते, म्हणून ती नंतर जडवण्याचा मोह मोठा असतो. पर्डी, हॉलंड आणि वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्या जपलेल्या आहेत. नंबर कळवून, शुल्क भरून, बंदूक कोणासाठी आणि कशी बनली याची नोंद मागवता येते. नोंदीत मुद्रेचा उल्लेख नसेल तर मुद्रेचे पैसे देऊ नका.

बडोदे येथून : वडिलांची दुनळी माझ्या नावावर झाली आहे. काळवंडली आहे. बफ मारून, नळ्या पुन्हा काळ्या करून देतो असं एक जण म्हणतो. करून घेऊ का?

कृपा करून घेऊ नका. बारीक वेलाची रेघ इतकी उथळ असते की बफचं चाक दोनदा फिरलं की छायेच्या रेघा गेल्या. त्या परत येत नाहीत. पॉलिश पेपर, ब्रासो, चिंच-लिंबू सगळं वर्ज्य.

नळ्या काळ्या करताना मोठा घात होतो. स्वस्तातलं काम म्हणजे कॉस्टिक आणि क्षारांच्या उकळत्या टाकीत नळ्या बुडवणं. आधुनिक एकनळी रायफलला ते चालतं. दुनळीत दोन नळ्या आणि रिब मऊ डाखाने जोडलेल्या असतात, कॉस्टिक तो डाख खातं आणि क्षार रिबखाली शिरून बसतात. वर्ष-दोन वर्षांत आतून गंज फुटतो. दुनळीला हळूहळू गंज चढवून, उकळून, घासून, पुन्हा चढवून काळेपणा आणणारी पद्धतच योग्य. तसंच ब्लोटॉर्चने तापवून रंग उमटवणाऱ्या आणि त्यालाच ‘केस कलर’ (पेटीत तापवून येणारे मूळचे रंग) म्हणणाऱ्यापासून दूर राहा. त्या उष्णतेने कडक थर मऊ पडतो.

घरी करण्यासारखं हे : मिनरल टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेला मऊ टूथब्रश नक्षीवरून रेघांच्या दिशेने फिरवा. काळं दिसतं त्यातलं बरंचसं जुनं वाळलेलं तेल असतं, ते निघेल. लाकडावर टर्पेंटाइन जाऊ देऊ नका. तांबूस गंजाचे ठिपके हलक्या तेलाने ओले करून एक दिवस ठेवा, मग जाड सुती कापडाने पुसा. निघालं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा अगदी पातळ हात. दस्त्याला जवसाचं तेल : तळहातावर दोन-तीन थेंब, चोळून गरम करायचं, उरलेलं पुसून टाकायचं, पुढचा हात दुसऱ्या दिवशी. भरपूर तेल ओतलं की लाकूड चिकट होतं आणि नक्षीदार जाळी, म्हणजे चेकरिंग, बुजते.

पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत किंवा फ्लॅनेलच्या पिशवीत ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. कपाटात तोंड खाली करून उभी ठेवा. तोंड वर असेल तर नळीतलं आणि अ‍ॅक्शनमधलं तेल वर्षानुवर्षं दस्त्याच्या डोक्यात उतरतं. तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि बार काढताना तिथेच फुटतं.

इंदूर येथून : काकांच्या दुनळीत बाजारातलं ७० मिमीचं काडतूस सहज बसतं, बंदूक बंदही होते. मग वापरायला हरकत काय?

बसतं म्हणजे चालतं असं नाही. काडतुसाची लांबी ही उडाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. न उडालेलं ७० मिमीचं काडतूस, तोंड दुमडलेलं असल्याने, अडीच इंची चेंबरमध्ये आरामात जातं. उडताना दुमड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या इंग्रजी १२ बोअर बहुतांशी अडीच इंचीच असतात. चेंबर गेजने मोजून घ्या. अडीच इंची निघालं तर ६५ मिमीचंच काडतूस. नळीखाली ‘१ १/८’ आणि औंसाची खूण असेल तर ती छर्ऱ्याच्या वजनाची कमाल मर्यादा, सुमारे ३२ ग्रॅम.

नळ्या डमास्कस असतील, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून वेटोळं करून ठोकून जोडलेल्या, आणि त्यांवर नायट्रो प्रूफचा (आजच्या बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा) शिक्का नसेल, तर आजचं कुठलंही काडतूस घालू नका. त्या नळ्या बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी तपासल्या होत्या. बर्मिंगहॅमचा नायट्रो शिक्का मुकुटाखाली ‘एनपी’, लंडनचा तलवार धरलेल्या हाताखाली ‘एनपी’. दोन्ही १९०४ पासूनचे. त्याआधी काही वर्षं ‘नायट्रो प्रूफ’ अशी पूर्ण अक्षरं असत.

मुरार, ग्वाल्हेर येथून : शंभर वर्षांची बंदूक ‘अँटिक’, तिला परवाना लागत नाही, असं विकणारा म्हणतो.

लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ ची सूट फक्त अशा जुन्या शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. काडतूस घेणारी दुनळी त्यात बसत नाही, मग ती भिंतीवर टांगलेली का असेना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजतात. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यायचे असतात. पैसे देण्याआधी त्या अर्जाची पोच मागा.

नंबर घासलेली किंवा पुसट केलेली बंदूक कितीही सुंदर असली तरी हात लावू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे. नळ्या कापणंही तसंच. घरातल्या वडीलधाऱ्यांचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं असेल तर २०१६ च्या नियमांनुसार हयातीतच वारसाच्या नावे प्रक्रिया सुरू करता येते. ती करून घ्या. मृत्यूनंतर बंदूक ठाण्यात किंवा डीलरकडे जमा पडून राहते, आणि नक्षीचं खरं नुकसान तिथे होतं.

शिंदे की छावणी, ग्वाल्हेर येथून : निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते. गेल्या वेळी परत आली ती ओरखडे आणि गंज घेऊन. काय करावं?

शक्य असेल तिथे परवानाधारक डीलरकडे जमा करा. ठाण्यात बंदुका एकमेकींना टेकवून ठेवल्या जातात. नेण्याआधी दोन्ही बाजू, तळ, नंबर आणि दस्त्याचे स्पष्ट फोटो काढा. नळ्यांत आणि बाहेर तेलाचा पातळ थर, नक्षीवर वॅक्स. सुती कापडात गुंडाळून वरून कॅनव्हास, प्लास्टिक नको, आत घाम धरतं. पावतीवर नंबरासोबत ‘स्थिती उत्तम, ओरखडे नाहीत’ एवढं लिहून घ्या. परत आली की तिथेच उघडून फोटोंशी ताडून पाहा आणि मगच सही करा.

बडोदे येथून : रिबवर आणि टॉप लिव्हरवर सोन्यात ‘२’ असा आकडा आहे. त्याचा अर्थ काय?

ती जोडीतली दुसरी बंदूक. हाक्याच्या शिकारीत एक चालवायची आणि दुसरी माणूस भरून द्यायचा, म्हणून एकसारख्या दोन बनवत आणि त्यांवर १ व २ घालत. पूर्ण जोडीला मान आणि किंमत जास्त. एकट्या बंदुकीला तसं नाही. पण एक तपासणी नक्की करा : नळ्या, अ‍ॅक्शन आणि फोरएंडचं लोखंड या तिन्हींवरचा नंबर एकच आहे ना? जोडीतल्या बंदुका एकत्र साफ करताना फोरएंड किंवा नळ्या अदलाबदल झालेल्या पुष्कळदा सापडतात. नंबर जुळले नाहीत तर परवान्यावर कोणता नंबर लिहिला आहे ते आधी पाहा, मग पुढचं बोलणं करा.